आंबटापासून सुरुवात: परड्यातली फळे रोजच्या ताटात आणण्यासाठी

कोकणात रानमेव्याचा विषय निघाला, की बोलणे लहानपणीच्या करवंदांवर जाते, जांभळांनी रंगलेल्या जिभा आठवतात आणि तेवढ्यावर विषय संपतो. त्याच वेळी घरातल्या टोपलीत हिमाचलचे सफरचंद असते, आमटीत पडणारी चिंच वाण्याकडून पुडीने आलेली असते आणि परड्यातल्या रातांब्याखाली, म्हणजे कोकमाच्या झाडाखाली, पडलेल्या फळांचा चिखल झालेला असतो. ही टिपणे त्या चिखलाविषयी आहेत. जी झाडे आधीच उभी आहेत, ज्यांना पाणी घालावे लागत नाही आणि हापूससारखी फवारणीही करावी लागत नाही, त्यांचे फळ वाया जाऊ न देता वर्षभराच्या जेवणात कसे बसवावे, एवढाच त्यांचा हेतू आहे.

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या 2019च्या अहवालानुसार जगात अन्नासाठी सुमारे 6000 वनस्पतींची लागवड होते. त्यांपैकी 200हून कमी वनस्पतींचा अन्नपुरवठ्यात भरीव वाटा आहे, आणि एकूण पीक उत्पादनातले 66 टक्के उत्पादन केवळ नऊ पिकांतून येते. हे आकडे दूरचे वाटत असतील, तर आपल्याच स्वयंपाकघराचा आठवडाभर हिशेब ठेवून पाहावा. बहुतेक घरांत दहा-बारा जिन्नसच आलटून पालटून शिजतात, आणि त्यांतला गावात पिकलेला जिन्नस शोधावा लागतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. रानफळांची सवय लावायची म्हणून आहे त्या खाण्यात आणखी एक सरबत, एक जॅम आणि एक चॉकलेटी वडी यांची भर घालण्यात अर्थ नाही. करायचा आहे तो बदल: बाहेरून आणलेला एखादा पदार्थ ताटातून कमी व्हावा आणि त्याच्या जागी परड्यातले फळ यावे. तो बदल सर्वांत सोपा कुठे होतो, असे विचाराल तर माझे उत्तर आंबटात असे आहे. कोकणी जेवणात आमटी, मासे, कढी, रायते, चटणी या सगळ्यांना आंबट लागते, आणि कोकणातली बहुतेक दुर्लक्षित फळे आंबटच आहेत. नुसते खायला नको वाटणारे फळ स्वयंपाकात मात्र रोज खपते.

पहिले काम: झाडांची मोजदाद

फेब्रुवारीत एखाद्या सकाळी वही घेऊन घराभोवती, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने आणि सड्यापर्यंत (कातळाच्या माळापर्यंत) एक फेरी मारावी. प्रत्येक फळझाडाची जागा, ते कोणाच्या मालकीचे आहे आणि त्याला फळ कधी धरते, हे लिहावे. महिने आठवत नसतील तर घरातल्या किंवा शेजारच्या वयस्कर बाईला विचारावे. पुरुष झाडाची जागा अचूक सांगतात, पण फळ कधी उतरवायचे आणि त्याचे पुढे काय करायचे, हे बहुधा बायकांनाच ठाऊक असते. साधारण क्रम असा निघतो: फेब्रुवारी-मार्चमध्ये फणसाच्या कुयऱ्या (कोवळे फणस), काजूची बोंडे आणि पांढरी तोरणे, एप्रिल-मेमध्ये करवंदे, रातांबे, जाम, मे ते जूनमध्ये जांभूळ आणि पिके फणस, पावसाळ्यात नीरफणस आणि अंबाडे, थंडीत आवळे आणि बोरे. बिमल्याला बहुधा काळवेळ नसतो. त्याच्या खोडाला लटकलेले घोस वर्षातून अनेकदा दिसतात.

या वहीत एक पान न खाण्याच्या झाडांसाठी ठेवावे. काजऱ्याची चेंडूसारखी गोल, पिकल्यावर नारिंगी होणारी फळे दिसायला अत्यंत देखणी असतात आणि त्यांच्या बियांत स्ट्रिक्निन हे जहाल विष असते. मुंबईहून सुट्टीला आलेल्या मुलांना करवंदांच्या जाळीकडे पाठवण्याआधी काजरा दाखवून ठेवावा. बिब्ब्याचे पिकलेले बोंड खाल्ले जाते, पण खालच्या बियांतले तेल कातडीवर फोड आणते, म्हणून माहितगाराशिवाय त्याला हात लावू नये. ओळखीविषयी जराही शंका असेल तर फळ तोंडात घालू नये; छायाचित्रावरून ओळख पटवण्यावर माझा विश्वास नाही.

काढणीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. जांभळाच्या फांद्या ठिसूळ असतात आणि त्या मोडून माणसे पडतात, तेव्हा झाडावर न चढता खाली जुने लुगडे किंवा चादर धरून फांदी काठीने हलवावी. देवराईतल्या फळांबाबत त्या त्या गावाची रीत पाळावी. सड्यावरच्या जाळ्या पूर्ण ओरबाडू नयेत. तिथल्या पक्ष्यांचे आणि माकडांचेही ते अन्न आहे, आणि माकडे परड्यात का येऊ लागली याचे एक उत्तर तिथेच सापडते. स्वतःचे झाड नसेल तर आठवडी बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला कातकरी, ठाकर बायका पानांच्या द्रोणांत करवंदे-जांभळे घेऊन बसतात, त्यांच्याकडून घ्यावीत. त्यांनी पहाटे उठून, काट्यांत हात घालून वेचलेल्या फळांवर घासाघीस करू नये.

रातांबा: सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त

एकाच फळावर वेळ घालवणे शक्य असेल तर तो रातांब्यावर घालवावा. मालवणकडे याला भिरंड म्हणतात, सुकल्यावर तेच कोकम किंवा आमसूल. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे; तरीही याच दोन जिल्ह्यांत दरवर्षी बरेचसे फळ झाडाखाली कुजते, कारण ते पिकण्याचा काळ आणि मृगाचा पाऊस यांत फार थोडे दिवस असतात. जे काही वाळवायचे ते मेअखेरपर्यंत वाळले पाहिजे. म्हणून पहिल्या वर्षी पाच किलोंपेक्षा जास्त रातांबे घेऊ नयेत.

आमसुलांसाठी पूर्ण लाल झालेली, पण न पिचलेली फळे घ्यावीत. ती धुऊन, पुसून, मधोमध चिरावीत आणि बियांसकट आतला पांढरा गर वेगळा करावा. गरात मीठ घालून ढवळल्यावर जे पाणी सुटते, त्यातच साली रात्रभर बुडवून ठेवाव्यात आणि दिवसा निथळून कडक उन्हात पसराव्यात. संध्याकाळी पुन्हा त्याच रसात, सकाळी पुन्हा उन्हात. याला पुट देणे म्हणतात. चार-पाच पुटे झाली, की साल काळपट, लवचिक आणि चवीला भरदार होते. पुटे न देता नुसती वाळवलेली साल हलकी आणि फिकी राहते, आणि बाजारातली स्वस्त आमसुले बऱ्याचदा तशीच असतात. पूर्ण वाळल्यावर थोडे मीठ चोळून ती चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत भरावीत.

माझी पहिल्या वर्षीची आमसुले वाया गेली, ती दोन चुकांमुळे. मीठ कमी खावे या विचाराने मी गरात मीठ जवळजवळ घातलेच नाही, आणि वाळवण्यासाठी ॲल्युमिनियमची परात वापरली. परातीला आंबटाने खड्डे पडले आणि बरणीत आषाढातच बुरशी आली. सुपात, मांडवावरच्या चटईवर किंवा स्टीलच्या ताटात वाळवावे. ॲल्युमिनियम, लोखंड आणि कल्हई गेलेले तांबे-पितळ यांचा या फळाशी संबंध येऊ देऊ नये.

आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, त्याहून सोपा आहे. गर आणि रस यांच्या दर किलोला साधारण 150 ते 200 ग्रॅम मीठ घालून, बरणीचे तोंड कापडाने बांधून, रोज लाकडी पळीने हलवत आठवडाभर ठेवावे आणि मग गाळून बाटलीत भरावे. मिठाच्या या प्रमाणामुळेच तो वर्षभर टिकतो. सोलकढीसाठी एका नारळाच्या दुधाला चार-पाच चमचे आगळ पुरतो. वरून मीठ घालण्याआधी चव घ्यावी. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ कमी सांगितले आहे, त्यांनी आगळाऐवजी आमसुले कोमट पाण्यात भिजवून तेच पाणी वापरावे.

सरबताचा पाक मात्र मी जाणूनबुजून शेवटी ठेवला आहे. रूढ प्रमाण एक किलो सालीला दोन किलो साखर असे आहे: सालींच्या वाट्यांत साखर भरून, थरावर थर लावून, बरणी सात-आठ दिवस उन्हात ठेवायची आणि सुटलेला पाक गाळायचा. चव उत्तमच असते. पण फळ परड्यातले आणि त्याच्या दुप्पट वजनाची साखर घाटावरच्या, भरपूर पाणी पिणाऱ्या उसाची, असा तो हिशेब आहे. पाहुण्यांपुरत्या दोन बाटल्या कराव्यात. घरच्यांच्या रोजच्या पिण्यासाठी पाण्यात थोडा आगळ, जिरेपूड आणि गुळाचा खडा पुरे.

उरलेल्या बिया फेकू नयेत. त्या राखेत चोळून, धुऊन, कडक वाळवून ठेवल्या, की पावसाळ्यात सवडीने कुटून, पाण्यात उकळून वर येणारे तेल काढता येते. बियांच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा तेल असते आणि ते गार झाल्यावर मेणासारखे घट्ट होते. मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात, म्हणून त्याचे नाव मुठेल. भेगाळलेल्या टाचांना ते लावतात, आणि जुन्या घरांत ते खाल्लेही जात असे. आज हेच तेल सौंदर्यप्रसाधनांच्या छोट्या डब्यांतून आपल्यालाच परत विकले जाते.

फणस: एका माणसाचे काम नव्हे

फणसाला दुर्लक्षित म्हणावे का, असा प्रश्न काहींना पडेल. मला वाटते, कापा फणस दुर्लक्षित नाही, बरका आहे. कापा शहरात जातो, गरे तळून पाकिटांत जातो, आणि मऊ, रसाळ बरका झाडाखालीच फुटतो. केरळने 21 मार्च 2018 रोजी फणसाला राज्यफळ जाहीर केले. आपल्याकडे अजून बरक्याचे काय करायचे हे ठरत नाही.

फणसाचा उपयोग पिकण्याची वाट न पाहता सुरू करावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुयरी उतरवून तिची भाजी करावी: हाताला आणि विळीला खोबरेल तेल लावून साल काढायची, तुकडे उकडायचे, ठेचून मोकळे करायचे आणि मोहरी, लाल मिरची, ओले खोबरे घालून परतायचे. एप्रिलमध्ये कच्च्या गऱ्यांची भाजी. एका झाडाची काही फळे अशी लवकर उतरवली, की उरलेली चांगली पोसतात आणि मेमध्ये एकदम वीस फणस पिकून धांदलही उडत नाही.

बरक्यासाठी सांदणाइतका चांगला पदार्थ मला माहीत नाही. तांदळाच्या दोन वाट्या कण्या थोड्या तुपावर हलक्या भाजाव्यात. त्यांत चाळणीवर घासून काढलेला बरक्याचा दोन वाट्या रस, चवीप्रमाणे गूळ, चिमूटभर मीठ आणि लागेल तसे नारळाचे दूध घालून सैलसर भिजवावे. दीड-दोन तासांनी वाट्यांत किंवा हळदीच्या पानावर घालून पंधरा-वीस मिनिटे वाफवावे. गोड रस असेल तर गूळ नावापुरताच लागतो. रस जास्त असेल तर तेल लावलेल्या ताटात पातळ पसरून, उन्हात वाळवून, थरावर थर देत साठ घालावी. ती पावसाळ्यात मुलांच्या डब्यात बिस्किटाच्या जागी चालते.

आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, हे या फळातले सर्वांत उपेक्षित अन्न. त्या धुऊन, सावलीत वाळवून, कोरड्या मातीत किंवा राखेत पुरून ठेवल्या, की भाजीपाला महाग होण्याच्या आषाढ-श्रावणात कामाला येतात: मिठाच्या पाण्यात उकडून, चुलीत भाजून, डाळीच्या आमटीत किंवा सुक्या सुंगटांबरोबर (कोळंबीबरोबर). बटाट्याच्या बहुतेक जागा आठळी घेऊ शकते. साल काढण्याचा कंटाळा येतो हे खरे. ती आधी वाळवलेली असली, की विळीच्या पाठीने एक ठोका देऊन सुटते.

दहा-बारा किलोंचा फणस एका छोट्या घराने एकट्याने फोडण्याचा हट्ट धरू नये. वाडीत तीन-चार घरांनी मिळून वार ठरवावा, आज एकाचा, चार दिवसांनी दुसऱ्याचा. आणि घरातल्या पुरुषांनी विळीवर बसावे. ही फळे मागे पडली त्यामागे चव नव्हे, हे सगळे काम एकाच बाईच्या माथी आले, हे कारण मोठे आहे. ते बदलले नाही तर ही टिपणे कागदावरच राहतील.

काजूचे बोंड, करवंद, जांभूळ

काजू पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ब्राझीलहून आला. गोव्यात बोंडांपासून हुर्राक आणि फेणी करतात. तेरेखोल नदीच्या अलीकडे, महाराष्ट्रात, मात्र बी काढून घेतली, की बोंड बागेतच टाकले जाते. बोंडाचे वजन बीच्या कितीतरी पट असते आणि त्यात क जीवनसत्त्व संत्र्याहून अनेक पटींनी जास्त असते. अडचण दोन गोष्टींची: घशाला बसणारा तुरटपणा आणि काही तासांत आंबणारा रस. तेव्हा त्याच दिवशी पडलेले, न फुटलेले बोंड घ्यावे. बी पिरगळून वेगळी करावी आणि तिच्या कवचातले तेल ओठांना लागू देऊ नये, कारण त्याने फोड येतात. बोंडाच्या चकत्या मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवल्या किंवा पाच-सात मिनिटे वाफवल्या, की तुरटपणा बराच उतरतो. रस काढायचा असेल तर लिटरला चमचाभर साबुदाण्याची पूड थोड्या पाण्यात शिजवून त्यात मिसळावी आणि भांडे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. तुरट अंश तळाशी बसतो, वरचा निवळ रस अलगद ओतून घ्यावा आणि त्याच दिवशी संपवावा.

करवंदांचा खरा उपयोग ती हिरवी असतानाच आहे. कच्ची करवंदे तासभर मिठाच्या पाण्यात ठेवली, की चीक सुटतो. मग त्यांचे लोणचे घालावे, किंवा ओले खोबरे, मिरची, गूळ यांबरोबर वाटून चटणी करावी. माशाच्या आमटीतही ती चालतात. पिकलेली करवंदे सरळ खावीत, त्यांच्यावर प्रयोग करू नयेत. गडग्यावर तारेऐवजी करवंदाचे जिवंत कुंपण लावले, तर गुरेही अडतात आणि फळेही मिळतात; दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ नावाची मोठ्या फळांची जातही दिली आहे.

जांभळाला पंधरवडाभरच मिळतो, पाऊस पडला की अळी धरते. पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या टपोऱ्या जांभळांनाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण गावठी लहान जांभूळ चवीला कमी नाही. जास्त झाली तर गर काढून बर्फाच्या साच्यांत गोठवावा. मधुमेहावर जांभळाच्या बियांची पूड घेणाऱ्यांनी डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करू नये.

पावसाळ्यातले आंबट

भाद्रपदात, आमसुले जपून वापरायची वेळ येते, तेव्हा अंबाडे हाताशी येतात. ऋषिपंचमीच्या भाजीत ते पडतातच. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, या नेमामुळे परसातल्या आणि रानातल्या किती तरी जिनसा अजून ओळखीच्या राहिल्या आहेत. उरलेल्या अंबाड्यांचे खोबरे, मोहरी आणि गूळ घालून रायते करावे. नीरफणसाचे काप हळद, तिखट, मीठ चोळून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर थोड्या तेलात भाजावेत. मासे न मिळणाऱ्या दिवसांत त्यांच्या जागी ते पानात बरे दिसतात.

बिमले चिरून, मीठ लावून वाळवले तर आमसुलांसारखे वापरता येतात, आणि ताजे दोन-तीन बिमले कोळंबीच्या किंवा बांगड्याच्या आमटीला पुरतात. मात्र त्यांचा रस काढून पेल्याने पिऊ नये. बिमल्यात ऑक्झॅलिक आम्ल फार असते, आणि असा रस पिऊन मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या घटना केरळमधल्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी बिमला आणि त्याच्याच जातकुळीतले पाचधारी करमळ, दोन्ही पूर्ण टाळावीत.

झाड लावायचे असेल तर

परड्यात रातांबा नसेल, तर पावसाच्या सुरुवातीला लावण्यासाठी मेमध्येच खड्डा खणून ठेवावा. बी लावून वाढवलेल्या रोपांतली निम्मी पुढे नर निघतात आणि हे कळायला सात-आठ वर्षे लागतात. म्हणून मादी झाडाचे कलमच घ्यावे. ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ या दापोली विद्यापीठाच्या जाती आहेत. कलम लावताना जोड जमिनीच्या वर ठेवावा, पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात मडक्याने पाणी द्यावे आणि वरून झापांची सावली करावी. जोडाखालून, म्हणजे खुंटाला फुटणारे धुमारे दिसताच खुडावेत. आमच्या शेजारच्या परड्यात ते राहून गेले, कलम मेले, खुंट मात्र जोमाने वाढला, आणि आठव्या वर्षी त्याला फुले आली ती सगळी नर.